नणंदेचा मान

“मशीन बंद कर आधी,” बुधाबाई म्हणाली. “तुझी आई आली.”

मी टेपचं बटण दाबलं. फाटकाची कडी वाजली, आई भाजीची पिशवी घेऊन आत आली, तोवर बुधाबाई खुर्चीवरून उठून भिंतीकडेला जमिनीवर बसलीसुद्धा. मांडीवर तांदळाचं सूप. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण हे उठणं-बसणं असं चपळ की वाटावं, कुणी तालीम दिली आहे.

“काय चाललंय दोघांचं?” आईनं विचारलं.

“काय न्हाय बाईसाहेब. तांदूळ निवडिते.”

आई स्वयंपाकघरात गेली. मी कॅसेट काढून खिशात घातली. त्या दुपारी पुढचं काही बोलणं झालं नाही.

बुधाबाई कोण, हे मला त्याआधी काही महिन्यांपूर्वीच कळलं होतं. त्याआधी ती आमच्या लेखी अण्णांच्या गावाकडची, शेतावर कामाला असलेली बाई होती. अण्णांना लहानपणी तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं, म्हणून जीव लावणारी. सुगी झाली की डोक्यावर गाठोडं घेऊन यायची. त्यात वरई, हातसडीचा तांदूळ, कधी हिरडे. आठ-दहा दिवस मागच्या पडवीत राहायची. ती आली की आई आमच्या मोलकरणीला सुट्टी द्यायची. भांडी, धुणं, अंगण, सगळं बुधाबाईकडे. लहानपणी मला वाटायचं, ही हौसेनं करते.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. अण्णा तिथे हेडक्लार्क. रामनाथ उंबरे म्हटलं की कॉलनीत मान होता. आई राहुरीकडच्या पाटलांची. अण्णांना आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, मुलगा एकटा पण सोन्यासारखा, असं म्हणून आजोबांनी मुलगी दिली होती. कूळ विचारलं तेव्हा अण्णांनी छातीठोकपणे ‘मराठा’ सांगितलं होतं. भाऊबंद नसले की खोटं बोलणं किती सोपं जातं.

माझी धाकटी बहीण मृणाल बारावी झाली. मार्क चांगले होते, पण डॉक्टर व्हायला थोडे कमी. घरात सुतक पडल्यासारखं झालं. तेव्हा एका संध्याकाळी अण्णा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “आपण ठाकर आहोत. आदिवासी. मृणालला राखीव जागा मिळू शकते.”

मला आधी हसूच आलं. मृणाल आणि निरंजन ही आमची नावं अण्णांनी कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या घरातून उचलली होती. आमच्या दिवाणखान्यात तलवारीचं चित्र होतं.

“बुधाबाई माझी सख्खी बहीण आहे,” अण्णा म्हणाले. “थोरली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.”

आई आत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसावं.

दाखला मिळाला, कॉलेजात तात्पुरता प्रवेशही मिळाला. पण पडताळणी बाकी होती आणि तिथे घोडं अडलं. अण्णांच्या शाळेत वसतिगृहाच्या गुरुजींनी वाडीच्या नावावरून आडनाव लावलं होतं आणि जातीच्या जागी नुसतं ‘हिंदू’. जुनं, पक्कं असं सरकारी टिपण होतं ते फक्त बुधाबाईचं. उंबरवाडीतली, मेंगाळांची, ठाकर. ती अण्णांची बहीण हे सिद्ध झालं की सगळं सिद्ध. आणि ते सांगणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आता पथक घरी येणार, वडीलधाऱ्यांना कूळ, देव, लग्नाच्या रीती विचारणार, असं वकिलांनी सांगितलं.

तिला आणायला अण्णांनी मलाच पाठवलं. स्वतः गेले नाहीत. म्हणाले, “तिची उजळणी करून घे. टेप करून ठेव. अशी माणसं आयत्या वेळी गडबडतात.” सख्ख्या बहिणीला ‘अशी माणसं’.

उजळणी कसली, ती बाई म्हणजे झराच होती. आई घराबाहेर असली म्हणजे.

“माझ्या आज्याचं नाव काय?”

“काळू. काळूचा बाप लखमा. लखम्याच्या म्होरं वाघ.”

“वाघ म्हणजे?”

“त्याच्या बापाला वाघानं नेला. मंग तेच त्याचं नाव. शिवंवर वाघोबा हाये ना, लाकडाचा, शेंदूर लावल्याला, त्यो मपला पणजा. तुपला बी.”

तिनं मला लग्नाची गाणी म्हणून दाखवली. त्यांच्यात लग्न भटजी लावत नाही, धवळेरीण लावते, गाण्यावर. बुधाबाईची आई धवळेरीण होती. म्हणजे माझी आजी. तिचा आवाज तीन वाड्यांना ऐकू जायचा म्हणे. आई तापानं गेली तेव्हा अण्णा अंगावर पिणारे होते. बुधाबाईनं त्यांना नाचणीची पेज पाजून जगवलं. शाळेत घालायचं म्हणून पाठीवर बांधून घाट उतरली. नवऱ्यानं म्हटलं, भाऊ तरी ठेव नाहीतर मला तरी ठेव. तिनं भाऊ ठेवला.

“आणि नवरा?”

“गेला. जाऊ दे त्याला,” ती म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडत असे.

मी तिला बजावलं होतं, साहेब येतील, ते विचारतील, तेव्हा हे सगळं अस्संच सांगायचं. मृणालचं भलं होईल. ती मान डोलवायची. एकदाच तिनं विचारलं, “साहेब मला एकलीला इचारील ना?”

“हो, तुलाच विचारतील,” मी म्हणालो.

साहेब आले ते सकाळी. भोसेकर नावाचे, मध्यमवयीन, सौम्य बोलणारे. सोबत लिहून घेणारा एक जण. दिवाणखान्यात अण्णा, मी, मृणाल. तलवारीचं चित्र अण्णांनी आदल्या दिवशी उतरवलं होतं, भिंतीवर त्याचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. बुधाबाईला खुर्चीत बसवलं. नवं लुगडं, हातावरचं गोंदण दिसेल असे हात मांडीवर. साहेबांचं लक्ष गोंदणाकडे गेलेलं मी पाहिलं आणि मला हुरूप आला.

“आजी, तुम्ही यांच्या कोण?” साहेबांनी अण्णांकडे बोट करून विचारलं.

बुधाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि चहा ठेवून समोरच्या दिवाणावर बसली. पदर सावरून, अगदी नीट.

बुधाबाई खुर्चीवरून उठली आणि जमिनीवर बसली.

“अहो आजी, वर बसा.”

“हितंच बरं हाये, साहेब.”

“बरं. तुम्ही यांच्या कोण?”

“मी? मी कोन न्हाय. कामाची बाई. यांच्या शेतावं व्हते.”

“बुधा!” अण्णा ओरडले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“हे कोणत्या जातीचे, ठाऊक आहे?”

“मराठं,” बुधाबाई म्हणाली. “मोठं कूळ हाये त्यांचं. यांचा बाप लई मोठा मानूस व्हता.”

“आणि तुम्ही?”

“आमी ठाकरं. आमचा अन् त्यांचा काय संबंद?”

मृणालनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली. मी उठलो, टेप आणला. “साहेब, हे ऐका. हिनंच सांगितलंय सगळं. महिनाभर सांगतेय.” आणि मी बटण दाबलं.

खोलीत बुधाबाईचा आवाज आला. काळूचा बाप लखमा. रामाला मी पाठीशी बांधला. मपला भाऊ, सोन्यासारखा. मी साहेबांकडे बघत होतो, त्यामुळे बुधाबाईकडे माझं लक्ष उशिरा गेलं. ती आईकडे बघत होती. इतकी घाबरलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

“आजी, हा आवाज तुमचा का?”

“न्हाय. म्या न्हवं ती.”

“आजी, पुन्हा नीट ऐका.”

“म्या न्हवं सांगितलं ना! बंद कर ते, निरूबाळ, पाया पडते तुझ्या.”

मी बंद केलं. साहेबांनी लिहून घेतलेलं तिला वाचून दाखवलं, तिनं अंगठा उठवला. अण्णा म्हणाले, “घाबरली हो ती. मी समजावतो, पुन्हा विचारा.”

“उंबरेसाहेब,” भोसेकर खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्ही समजावल्यावर जे सांगतील ते पढवलेलं ठरेल. टेपमध्येही प्रश्न तुमच्या मुलाचेच आहेत.” चहा त्यांनी घेतला नाही.

फाटक लागल्याबरोबर अण्णा तिच्यावर धावून गेले. “काय केलंस हे? पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलंस. दातखीळ बसली होती का?”

बुधाबाईनं आवाज खाली आणला. तिला वाटत होतं, दिवाणावर बसलेल्या आईला तो ऐकू येणार नाही.

“ती म्होरं बसली व्हती ना रं. तुझ्या लग्नात तूच मला वाघोबाची आन घातली व्हती. हिला कळलं तर नांदायची न्हाय, म्हनला व्हतास. आता या वयात तुझा संसार मोडू का मी?”

अण्णांचा हात तसाच हवेत राहिला. मग ते मटकन खुर्चीत बसले. त्यांना एवढं सुचलं नव्हतं. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं, आणि ज्या बाईनं हे ओझं सगळ्यात जास्त वाहिलं तिला कुणीच म्हटलं नव्हतं की आता खाली ठेव.

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

बुधाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

“लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. हसताना दोघांच्या गालाला एकाच जागी खळी पडते. मी काय आंधळी आहे?”

“दुसऱ्या वर्सापासनं?”

“हो.”

साहेबांनी न घेतलेल्या चहाचा कप बुधाबाईनं उगाच सरळ केला. मग ती म्हणाली, “मंग मला कधी वर बस का न्हाय म्हनलीस?”

आयुष्यभर बाईसाहेब म्हणणारी बाई आईला पहिल्यांदा अगंतुगं करत होती.

“तुझ्या भावानंच कधी सांगितलं नाही,” आई म्हणाली. “मग मी कशाला तोंड उघडू?”

“तुझी भांडी घासली. बाळंतपणात तुझी हागरी लुगडी धुतली. मला वाटं, हिला ठावं न्हाय, हिचा काय दोष.” ती उठली. या वेळी तिला उठायला वेळ लागला. “तुला ठावं व्हतं.”

तिनं पडवीतलं गाठोडं उचललं. अण्णा “बुधा, थांब” म्हणाले, पण खुर्चीतून उठले नाहीत. तिला एस.टी. स्टँडवर मी सोडलं.

पडताळणीचा निकाल आला तेव्हा मृणाल कॉलेजात रुळली होती. हाडांच्या सांगाड्याला तिनं नाव ठेवलं होतं आणि घरी आली की त्याच्या गमती सांगायची. निकालात लिहिलं होतं की सदर महिला अर्जदाराच्या कुटुंबाची नातेवाईक असल्याचे आढळून येत नाही. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. इतकी वर्षं आम्ही लोकांना जे सांगत आलो, तेच सरकारनं आम्हाला सांगितलं होतं.

वकील म्हणाले, प्रवेश वाचवायला एक वाट आहे. बुधाबाईनं खरं काय ते आणि त्या दिवशी खोटं का सांगितलं ते प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, तर कोर्ट पुन्हा चौकशी लावू शकतं. मी दुसऱ्या दिवशी उंबरवाडी गाठली.

बुधाबाई दारात करवंदाच्या काटक्या तोडत होती. मला बघून तिनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ती मृणालचं ऐकून कळवळली. कुणाचं काही वाईट व्हावं असं त्या बाईच्या पोटात नव्हतंच.

“देईन अंगठा,” ती म्हणाली. “सांगंन कोर्टाला. पन तुझ्या आईला हितं आन. माझ्या दारात येऊन तिनं मला वन्स म्हनावं. एकडाव. मला लुगडं नको, काय नको. नंदंचा मान एवढाच आसतो.”

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, “एवढंच ना?” एवढंच म्हणजे किती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आई एका शब्दानंही नाही म्हणाली नाही. मृणाल तिच्या गळ्यात पडून रडली. आईनं जरीकाठाची साडी नेसली, हातात हिरवा चुडा भरला. अण्णा आले नाहीत, त्यांना रक्तदाब होता. भाड्याच्या जीपमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती आणि घाट सुरू झाल्यावर मला दिसलं, तिचे ओठ हलत होते. ती तो शब्द घोकत होती. मला तिची दया आली. तिच्याविषयी मला शेवटची दया आली ती तेव्हा.

बुधाबाईनं घर सारवलं होतं. दारात रांगोळीच्या दोन रेघा. ओट्यावर नवी घोंगडी अंथरली होती, ती कुणाकडून तरी मागून आणलेली असणार. आणि वाडीतल्या दहा-पंधरा बायका जमल्या होत्या. म्हाताऱ्या, पोरीसोरी, कडेवर मुलं घेतलेल्या. बुधाबाईनं सगळ्यांना सांगितलं होतं, मपली भावजय यायची हाये.

आई जीपमधून उतरली. बायकांनी वाट करून दिली. एक म्हातारी पुढं झाली, तिनं आईच्या चुड्याला हात लावला आणि कौतुकानं म्हणाली, “हीच काय गं, बुधे, रामाची बायकू?” आईनं हात मागं घेतला. झटकला म्हणा.

ओट्यावर बुधाबाई उभी होती. धुवट लुगडं, केसांना तेल. ती नुसती बघत होती. लग्न लावताना अंतरपाट कधी दूर होतो म्हणून बायका बघतात, तशी.

आई ओट्यापाशी गेली. मी मागंच होतो. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण. दोन अक्षरं आहेत, म्हण आणि सुट.

आईनं त्या बायकांकडे एकदा पाहिलं. मग पदर खांद्यावरून ओढून घेतला.

“बुधाबाई,” ती म्हणाली, “झालं गेलं विसरून जा.”

बायका बुधाबाईच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्या म्हातारीनं पुन्हा विचारलं, “कोन गं ही, बुधे?”

बुधाबाई ओट्यावरून खाली उतरली. तिनं पदर डोक्यावर घेतला.

“या आमच्या मालकीणबाई,” ती बायकांना म्हणाली. “लई लांबनं आल्यात. बसा, बाईसाहेब. घोंगडी नवी हाये.”

आई बसली. बसली ती, त्या घोंगडीवर. बायका हळूहळू पांगल्या. मी बुधाबाईला घरामागं गाठलं, हात जोडले, म्हणालो, “आत्या, मृणालसाठी. गाडी उभी आहे. तहसिलीत जाऊन यायचं फक्त.” मी तिला आत्या म्हणालो तेही पहिल्यांदाच. तिला ते कळलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, पण तो अंगठा तिनं मुठीत मिटून घेतला.

“कोर्टाला घरच्या मान्साचा अंगठा लागतो ना, बाळा? तुझ्या आईनं आत्ता धा बायकांम्होरं सांगितलं, मी कोन हाये ते. आता मी सांगितलं तर ती खोटी पडंल.”

“पडू दे.”

“न्हाय. तिला वाडीत खोटी पाडून धाडू व्हय? पावनी हाये ती.”

मी खूप बोललो. ओरडलोही. ती चुलीपुढं बसून आईसाठी चहा करत राहिली. आईनं तो चहा घेतला नाही, घाटात गाडी लागते म्हणाली.

परतताना आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिला विचारलं, “का नाही म्हणालीस?” ती म्हणाली, “ड्रायव्हर आपल्या कॉलनीतला होता.”

घरी पोचलो तेव्हा मृणाल फाटकाशीच उभी होती. कॉलेजची पिशवी तिच्या खांद्याला तशीच होती.

“दिला अंगठा?”

आईनं चपला काढल्या.

“नाही गं,” ती म्हणाली. “बुधाबाई फार हट्टी. आपण एवढं तिच्या दारात गेलो, तरी ऐकलं नाही.” आणि ती पाय धुवायला आत गेली.